शौर्याला चमत्काराची गरज नसते
(कुमार वाचकांसाठी लिहिलेल्या ऐतिहासिक युद्धसाहसकथांच्या संग्रहाची प्रस्तावना)

लढाईची गोष्ट ऐकणारे मूल दोन प्रश्न विचारते. गोष्ट चालू असताना ते विचारते, "पुढे काय झाले?" आणि गोष्ट संपली की विचारते, "हे खरेच घडले होते का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यात आपण मराठी माणसे पटाईत आहोत. दुसऱ्याला मात्र "हो तर, अगदी अस्सेच!" एवढे म्हणून आपण मोकळे होतो. दहाबारा वर्षांच्या वाचकाचा तो दुसरा प्रश्न टाळू नये, असे मला मनापासून वाटते. तो विचारण्याइतके मूल मोठे झाले, म्हणजे खरे उत्तर ऐकण्याइतकेही ते मोठे झालेले असते.

या संग्रहातल्या कथा मराठ्यांच्या इतिहासातल्या आहेत. उंबरखिंड, पन्हाळा, आग्रा, सिंहगड, खांदेरी आणि पानिपत हे त्यांतले मुख्य मुक्काम. यांपैकी बहुतेक प्रसंगांची नावे मुलांच्या कानांवरून गेलेली असतात. चौथीच्या पाठ्यपुस्तकात, शिवजयंतीच्या मिरवणुकीत, दिवाळीत अंगणात केलेल्या मातीच्या किल्ल्यावर ती त्यांना भेटलेली असतात. मग पुन्हा त्याच गोष्टी का सांगायच्या, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच म्हणावा लागेल. त्याचे उत्तर देण्यासाठीच ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

युद्धकथा सांगण्याची आपली परंपरा जुनी आहे आणि ती छापील पुस्तकांच्या कितीतरी आधी सुरू होते. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि सिंहगडावरचा तुळशीदासाचा पोवाडा या आपल्याकडच्या पहिल्या युद्धसाहसकथाच होत. डफाच्या थापेवर, उघड्यावर, लहानथोरांच्या एकत्र जमावापुढे त्या सांगितल्या गेल्या. त्यांच्या जोडीला बखरी आल्या. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर जिंजीला, राजाराम महाराजांच्या काळात, १६९७ च्या सुमारास लिहिली. बाहेर मोगलांचा वेढा पडलेला असताना आधीच्या पिढीच्या पराक्रमाची आठवण कागदावर उतरत होती. छपाईचा काळ आला तेव्हा हरि नारायण आपटे यांनी 'उषःकाल' आणि 'गड आला पण सिंह गेला' लिहिल्या. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये 'आनंद' मासिक काढून मुलांसाठी स्वतंत्र वाचनाची सोय केली. नाथमाधवांच्या स्वराज्यावरच्या कादंबऱ्यांनी तर घरोघरी मुक्काम केला. तरुणपणी सिंहगडावर शिकारीला गेले असता हे नाथमाधव कड्यावरून कोसळले आणि कमरेखाली कायमचे अधू झाले. पुढे अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने गडकिल्ल्यांवरून धावणारी पात्रे उभी केली. गो. नी. दांडेकरांनी गड पायांखाली घालून, गडावर मुक्काम करून लिहिले. त्यांच्या पानांवर पावसाचा आणि करवंदीच्या जाळीचा वास येतो, तो त्यामुळेच.

हरिभाऊ आपटे लिहीत होते त्याच सुमारास इंग्लंडात मुलांसाठी युद्धकथा लिहिण्याचा मोठा कारखानाच चालू होता. जॉर्ज आल्फ्रेड हेंटी हा त्यातला सर्वांत गाजलेला लेखक. तो युद्धवार्ताहर होता आणि त्याची शंभरावर पुस्तके निघाली. त्याची रीत ठरलेली होती. एक धीट इंग्रज मुलगा घ्यायचा, त्याला एखाद्या मोठ्या सेनापतीजवळ नेऊन ठेवायचे आणि साऱ्या युद्धाची सफर त्याच्याबरोबर वाचकाला घडवायची. मराठ्यांशी झालेल्या युद्धावरही त्याने विसाव्या शतकाच्या आरंभी एक कादंबरी लिहिली. तिचा नायक मराठी दाईने वाढवलेला इंग्रज मुलगा आहे. हेंटीकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. युद्धाचा नकाशा मुलाला समजावून सांगण्याचा त्याचा कंटाळा न करणारा स्वभाव, तारखांचा आणि ठिकाणांचा आग्रह, वेगवान कथन. सोडून देण्यासारखेही आहे. त्याच्या पुस्तकांत साम्राज्याची बाजू नेहमीच न्यायाची असते आणि समोरची माणसे बहुधा पार्श्वभूमीवरच राहतात. आपण मराठीत लिहिताना फक्त बाजू उलटवली आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर हेंटीचीच गादी चालवल्यासारखे होईल. मुलांना त्याहून चांगले काही द्यायला हवे.

ते चांगले म्हणजे काय, हे उंबरखिंडीवरून सांगता येते तितके दुसऱ्या कशावरून सांगता येणार नाही. १६६१ च्या आरंभी मोगल सुभेदार शाहिस्तेखानाने आपला सरदार कारतलबखान याला कोकण काबीज करायला पाठवले. फौज मोठी होती, सामान जड होते. लोणावळ्याच्या बाजूने सह्याद्रीची धार ओलांडून ही फौज खाली दाट रानात उतरली. वाट इतकी अरुंद होती की माणसे एकामागे एकच चालू शकत होती. २ फेब्रुवारीला ती अंबा नदीच्या खोऱ्यातल्या उंबरखिंडीत पूर्ण शिरली, तेव्हा पुढचे तोंड मराठ्यांनी अडवलेले होते आणि मागचेही. दोन्ही अंगांच्या रानात माणसे दबा धरून बसली होती. पाणी जवळ नाही, वारा नाही, घोडे वळवायला जागा नाही. खानाबरोबर माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन ही शूर स्त्री होती. लढत बसण्यात अर्थ नाही, शरण जावे, हा तिचा सल्ला खानाने मानला. सामान आणि खंडणी देऊन फौजेला जीव वाचवून परत जाता आले.

कवींद्र परमानंदांनी आपल्या 'शिवभारत' या काव्यात हा प्रसंग तपशिलाने रंगवला आहे. मुलांना तो सांगताना मला त्यातली तलवारबाजी मुळीच वाढवावीशी वाटली नाही. या लढाईत खरी कमाल आहे ती आधीच्या दिवसांची. शत्रू कोणत्या घाटाने उतरणार याची बातमी काढणारे हेर, रानातल्या पायवाटा ठाऊक असलेली माणसे आणि फौज पूर्ण आत येईपर्यंत एकही बार न काढता दम धरून बसलेले मावळे. बारा वर्षांच्या मुलाला हा दम धरणे किती अवघड असते ते नीट कळते. म्हणून उंबरखिंडीच्या कथेची निम्मी पाने वाट पाहण्याची आहेत. शत्रूच्या बाजूने बोलणारी रायबागनही तिथे आहे. संकटात सर्वांत स्वच्छ विचार तिनेच केला होता, हे मुलींनी आणि मुलांनीही वाचायला हवे.

पन्हाळ्याची कथा या संग्रहात सर्वांत मोठी आहे, कारण तिच्यात सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे. मार्च १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर असताना आदिलशाही सरदार सिद्दी जौहराने गडाला वेढा घातला. पाऊस सुरू झाला की वेढा सैल पडेल ही आशा फोल ठरली, जौहराने भर पावसातही चौक्या हलवल्या नाहीत. राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून गडावर डागल्या. त्याचा जाब त्यांना पुढच्या वर्षी महाराज राजापुरावर चालून आले तेव्हा द्यावा लागला. वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह स्वराज्याच्या बाजूने लढले. त्या झुंजीत वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. आणि महाराजांना जिथे पोहोचायचे होते त्या विशाळगडाला आदिलशाहीकडून वेढा घालून बसले होते सुर्वे आणि दळवी. एका वेढ्याची ही हकीकत नीट सांगितली, की कोण कोणाच्या बाजूने होता याबद्दलच्या सोप्या कल्पना आपोआप गळून पडतात. त्यासाठी वेगळे प्रवचन द्यावे लागत नाही.

जुलैच्या त्या रात्री महाराज गडावरून निघाले. परंपरेने सांगितलेली शिवा काशीद यांची कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. आपण पकडले जाणार आणि ओळख पटली की मारले जाणार, हे ठाऊक असूनही ते महाराजांच्या वेषात पालखीत बसले. पन्हाळ्याच्या पायथ्याशी त्यांची समाधी आहे. पुढे रात्रभर चिखलातून, मसाई पठाराच्या वाऱ्यातून, ओढ्यांच्या लोंढ्यांतून बांदलांचे मावळे धावले. पाठलागावरच्या फौजेला अडवायला घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांचे सोबती थांबले आणि महाराज विशाळगडाकडे गेले. पन्नास किलोमीटरांहून लांब ही वाट आजही पावसाळ्यात शेकडो तरुण पायी चालतात. मुलांना ही कथा वाचून दाखवणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे की जमेल तेव्हा या वाटेचा एखादा तुकडा तरी त्यांच्याबरोबर आषाढात चालून पाहावा. निसरड्या उतारावर एकदा पाय घसरला, की खांद्यावर पालखी घेऊन अंधारात पळणे काय असते याचा अंदाज येतो. इतक्या धावपळीनंतर थकलेल्या पायांनी खिंडीत उभे राहून लढणे म्हणजे काय, तेही मग वर्णनाशिवाय उमगते.

आता सिंहगडाविषयी, म्हणजेच घोरपडीविषयी. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी गड घेतला आणि ते तिथेच पडले. किल्लेदार उदेभान राठोडही पडला. कड्यावर दोर नेणारी घोरपड तुळशीदासाच्या पोवाड्यात आहे. सभासदाच्या बखरीत ती नाही, तिथे हाताच्या आणि पायाच्या बळावर कडा चढून गेलेले मावळे आहेत. मोठ्या माणसांना वाटते की घोरपड काढून घेतली तर मुले हिरमुसतील. माझा अनुभव उलट आहे. घोरपड नव्हती म्हटल्यावर मुले क्षणभर गप्प होतात आणि मग प्रश्नांचा पाऊस पाडतात. मग पहिला माणूस कसा चढला? त्याने काय धरले? अंधारात त्याला खाच कशी दिसली? वरून सोडलेल्या दोराला एका वेळी किती जण लोंबकळायचे? खालच्याच्या हातून दगड निसटला तर आवाज कोणी ऐकला नसता का? या प्रश्नांची उत्तरे शोधायला लागले, की मुलांना दिसतो तो नुसत्या बोटांच्या पकडीवर अंधारात लटकलेला एक माणूस. घोरपडीने त्याला आजवर झाकून ठेवले होते. गड हाती आल्यावर मावळ्यांनी पागेची गवताची छपरे पेटवली आणि त्या उजेडावरून राजगडावर फत्तेची खूण पटली, हे सभासद सांगतो. एवढे सारे हाताशी असताना शौर्याला चमत्काराची गरज नसते.

याचा अर्थ पोवाडा खोटा ठरवून फेकून द्यावा असा मुळीच नाही. लोकांनी आपल्या वीराला किती मोठे मानले हे पोवाड्यातूनच कळते आणि ते कळणे हाही इतिहासच आहे. फक्त कागदपत्रांतून कळलेले, परंपरेने सांगितलेले आणि लेखकाने कल्पिलेले, या तिन्हींच्या सीमा मुलाला दिसल्या पाहिजेत. म्हणून प्रत्येक कथेच्या शेवटी एक छोटे टिपण दिले आहे. मुले हे टिपण गोष्टीइतक्याच आवडीने वाचतात, कारण त्यात त्यांना मोठ्या माणसासारखे वागवलेले असते.

कल्पिलेल्या पात्रांबद्दलही एक नियम मी पाळला आहे. काही कथांत एखादा काल्पनिक मुलगा किंवा मुलगी आहे: वाट दाखवणाऱ्या कोळ्याचा पोर, गडावरच्या कारखानिसाची लेक, तांडेलाचा भाचा. ही मुले पाहतात, घाबरतात, निरोप पोहोचवतात, पाणी आणतात. इतिहासातल्या खऱ्या माणसाने केलेले काम मात्र त्यांच्या हातून कधीही करवलेले नाही. ज्यांनी प्राण दिले त्यांचे श्रेय कल्पनेतल्या पात्राला देणे मला अन्यायाचे वाटते. आग्र्याच्या कथेत तर असे पात्र कल्पावेच लागले नाही. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या दरबारात महाराजांबरोबर गेलेले संभाजीराजे तेव्हा नऊ वर्षांचेही झालेले नव्हते. पहाऱ्यात अडकलेल्या वडिलांजवळ काढलेले दिवस, ऑगस्टमधली सुटका आणि मग वडिलांपासून दूर मथुरेत, परक्या घरी, ओळख लपवून राहणे. तलवार न उपसता केलेले इतके मोठे साहस दुसरे सापडणे कठीण. त्या काळातली आंबेरच्या राजपूत दरबारातल्या माणसांची राजस्थानी पत्रे आज उपलब्ध आहेत. छावणीत रोज काय बोलले जात होते ते त्यांतून कळते, त्यामुळे या कथेचा पाया भक्कम आहे.

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घाट आणि गड येतात, समुद्र सहसा येत नाही. खांदेरीची कथा त्यासाठी घेतली आहे. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईच्या बंदराच्या तोंडावरच्या या बेटावर मायनाक भंडारी यांनी तटबंदीचे काम सुरू केले. इंग्रजांनी ते थांबवायला जहाजे आणली. त्यांची मोठी जहाजे वाऱ्यावर अवलंबून, तर आपली गलबते उथळ पाण्यातही चालणारी आणि वारा पडला तर वल्ह्यांवर धावणारी. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालच्या मराठा आरमाराने हल्ला केला. इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज हाती आले, पण 'रिव्हेंज' या जहाजावरच्या कप्तान केग्विनने झुंज देऊन आपल्या गलबतांना मागे रेटले. तरीही रात्रीच्या अंधारात दगड, दाणा आणि माणसे बेटावर पोहोचतच राहिली, तट उभा राहिला आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी इंग्रजांनी तह केला. ही लढाई ज्यांनी जिंकली त्यांत गवंडी आणि खलाशी यांचा वाटा तलवारबहाद्दरांइतकाच होता. मुलांच्या युद्धकथेत गवंड्याला नायक होता आले पाहिजे.

चाऱ्याची काळजी करणाऱ्यालाही. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी पाठवलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. गवत आणि दाणा जपून वापरा, आताच उधळलात तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, रयतेकडून काहीही ओरबाडू नका, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथवर त्यांची नजर पोहोचली आहे. या पत्राची हकीकत संग्रहात स्वतंत्रपणे घेतली आहे. लढाई एका दिवसाची असते, तिची तयारी मात्र अशा शेकडो दिवसांची असते, ही गोष्ट घोडदौडीच्या वर्णनातून कधीच कळत नाही.

आणि ज्या दिवशी रसद तुटते त्या दिवशी काय होते, हे पानिपत सांगते. १७६० च्या नोव्हेंबरपासून अडीच महिने मराठ्यांची छावणी अफगाण बादशहा अब्दालीसमोर अडकून पडली होती. तिच्यात लढवय्यांखेरीज बायका, मुले, यात्रेकरू, व्यापारी आणि कारागीर होते. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला जे सैन्य रणात उतरले ते भुकेले होते. मुलांच्या पुस्तकात पानिपत असावे की नसावे, यावर मी बराच विचार केला. ते असावेच, असे मी ठरवले. केवळ विजय वाचून वाढलेल्या मुलाला युद्ध हा खेळ वाटू लागतो. त्या दिवशी किती घरांचे दिवे मालवले हे त्याला सांगितले पाहिजे. भीती वाटेल असे वर्णन टाळून, पण दुःख न लपवता. या संग्रहातली कोणतीही लढाई मेलेल्यांची आठवण काढल्याशिवाय संपत नाही. त्यात समोरच्या बाजूचे मेलेलेही आले.

काही मंडळी असेही म्हणतात की आजच्या मुलांना लढायांच्या गोष्टी सांगूच नयेत. त्यांची काळजी मला समजते. परंतु मुले या गोष्टींकडे ओढली जातातच. पुस्तकात मिळाल्या नाहीत तर त्या त्यांना चित्रपटात, मोबाईलवरच्या खेळात आणि कुठल्याशा भडक चित्रफितीत मिळतील, जिथे माणूस पडतो तेव्हा त्याला नाव नसते आणि घरही नसते. संकटात धीर कसा धरावा, सोबत्याचा भरवसा म्हणजे काय, शरण आलेल्याशी कसे वागावे, हरल्यावर पुन्हा कसे उभे राहावे, हे शिकवायला खऱ्या माणसांच्या खऱ्या कथांसारखे दुसरे साधन मला माहीत नाही. राजाराम महाराज १७०० मध्ये सिंहगडावर वारले तेव्हा त्यांच्या पत्नी ताराबाईंचे वय जेमतेम पंचवीस होते. समोर स्वतः औरंगजेब होता. त्यांनी पुढची सात वर्षे, त्याच्या मरणापर्यंत, लढा चालवला. ही हकीकत कोणत्याही मुलीपासून लपवून ठेवण्यात कसले शहाणपण आहे?

शिक्षकांना आणि पालकांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. या कथा मोठ्याने वाचा. जवळ नकाशा ठेवा आणि प्रत्येक ठिकाणावर मुलाला बोट ठेवू द्या. त्याने शंका काढली तर त्याला गप्प करू नका, टिपण उघडा आणि त्याच्याबरोबर शोधा. एखादी गोष्ट पटली नाही असे ते म्हणाले तर ती का पटली नाही हे विचारा. शूर पूर्वजांचा अभिमान आपल्या मुलांना वाटावा ही आपणा सर्वांचीच इच्छा असते. तो अभिमान इतका सकस असावा, की उद्या मूल मोठे होऊन स्वतः कागदपत्रे वाचू लागले, तरी त्याला आपल्या लहानपणच्या पुस्तकाने फसवले असे वाटू नये. या कथा लिहिताना मी स्वतःला हीच एक कसोटी लावली आहे आणि वाचकांनीही त्यांना तीच लावावी.